वैज्ञानिक विचार मनाला जमतो कसा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील शाळांत, वाचनालयांत आणि कधी एखाद्या केळीच्या बागेच्या बांधावर विज्ञानाविषयी बोलण्याची संधी मला गेली अनेक वर्षे मिळते आहे. बोलणे संपले की चिठ्ठ्या येतात, नंतर फोनवर संदेश येतात, आणि त्यांतले बरेच प्रश्न फिरून फिरून तेच असतात. यांतले पुष्कळ प्रश्न विज्ञानाविषयी नसून विज्ञान करणाऱ्या मनाविषयी असतात, हे माझ्या उशिरा लक्षात आले. तेवढेच प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही. तिथे केवळ प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वैज्ञानिक विचार म्हणजे नेमके काय? त्याला प्रयोगशाळा लागते का?

एखादी गोष्ट अशी का घडते याचा अंदाज बांधणे, तो खरा असेल तर पुढे काय दिसायला हवे हे आधीच ठरवणे, ते दिसते का हे पाहणे, आणि दिसले नाही तर अंदाज सोडून देणे, एवढ्या चार गोष्टींना मी वैज्ञानिक विचार म्हणतो. शेतातली मोटर सुरू होत नसेल तर आपण आधी गावात वीज आहे का ते पाहतो, मग तिन्ही फेज आहेत का, मग स्टार्टर, आणि शेवटी केबल उंदराने कुरतडली आहे का. हा वैज्ञानिक विचारच आहे आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पहिल्या तीन गोष्टी मनाला जन्मजात सोप्या जातात. चौथी जात नाही, आणि मोटरच्या बाबतीत ती जमते याचे कारण एवढेच की मोटर आपल्याशी वाद घालत नाही आणि फ्यूज शाबूत निघाला म्हणून आपला मानभंग होत नाही. पुढचे बहुतेक प्रश्न या चौथ्या गोष्टीभोवतीच फिरतात.

२. लहान मुले जन्मतःच शास्त्रज्ञ असतात असे म्हणतात. ते कितपत खरे आहे?

निम्मे खरे आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी ११ महिन्यांच्या बाळांवर केलेले प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. काही बाळांना एक खेळण्यातली गाडी भिंतीतून आरपार गेल्यासारखी दाखवली, तर काहींना ती कडेवरून पुढे जाऊनही अधांतरी राहिल्यासारखी दाखवली. नंतर गाडी हातात दिल्यावर पहिल्या गटातली बाळे ती आपटून पाहू लागली आणि दुसऱ्या गटातली ती खाली टाकून पाहू लागली. म्हणजे अपेक्षाभंग झाला की बाळ नुसते चकित होत नाही, तर ज्या बाबतीत अपेक्षा मोडली नेमक्या त्याच बाबतीत चाचपणी करते. ताटातला चमचा दहाव्यांदा खाली टाकणाऱ्या नातवावर रागावणाऱ्या आजींना मी हे आवर्जून सांगतो, आणि त्यांचे समाधान होत नाही.

उरलेले निम्मे असे की बाळ आपले निष्कर्ष लिहून ठेवत नाही, शेजारच्या बाळाला दाखवत नाही, आणि 'मी चुकलो असेन का' असे स्वतःला विचारत नाही. या तीन गोष्टींसाठी प्रश्न ४, १२ आणि ६ पाहावेत.

३. मेंदूत विज्ञानासाठी एखादा वेगळा भाग असतो का?

नसतो. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. त्याचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते, पण विश्रांतीच्या वेळीही तो शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के खर्च करतो. कार्यकारणाचा विचार करताना त्यातली अनेक क्षेत्रे एकाच वेळी कामाला लागतात. कपाळामागच्या भागाचा उल्लेख मात्र वेगळा करावा लागेल, कारण मनात आलेले पहिले उत्तर क्षणभर रोखून धरण्यात त्याचा मोठा वाटा असतो, आणि हा भाग पूर्ण पक्व व्हायला वयाची विशी उलटावी लागते.

४. हुशार माणसाला सगळे लक्षात राहते. मग वहीत लिहिण्यावर एवढा भर का?

कारण कोणत्याही माणसाच्या मनात एका वेळी फार थोडे मावते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये ही मर्यादा सातच्या आसपास असल्याचे मांडले, आणि नंतरच्या संशोधनाने ती आणखी खाली, साधारण चारवर आणली. आता केळीचा विचार करा. मृगबाग की कांदेबाग (म्हणजे लागवडीचा हंगाम), लागवडीची तारीख, रोप टिश्यू कल्चरचे की कंद, ठिबकातून दिलेली खते, हिवाळ्यातली थंडी, हरण्या रोग आला का, किती झाडे उपटावी लागली, आणि शेवटी घडाचे वजन: हे आठ धागे एकदम मनात धरून त्यांतला कोणता कशाला बांधला आहे हे पाहणे कोणालाच शक्य नाही. मन अशा वेळी त्यातली ठळक गोष्ट तेवढी धरते, म्हणजे बहुधा ज्या वर्षी सर्वांत जास्त नुकसान झाले ते वर्ष.

लिहिलेला आकडा आणखी एक काम करतो: तो आपल्या सोयीने बदलत नाही. योहानेस केप्लरने मंगळाच्या कक्षेसाठी वर्तुळांची एक सुरेख रचना बसवली होती आणि ती ट्युको ब्राहेच्या नोंदींपासून ८ कलांनी (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) चुकत होती. पौर्णिमेच्या चंद्राची रुंदी सुमारे ३० कला असते, त्यावरून ही चूक किती बारीक होती ते कळेल. नोंदी तोंडी असत्या तर 'जवळपास जुळते' म्हणून विषय मिटला असता. त्या कागदावर होत्या आणि ब्राहे एवढी चूक करणारा निरीक्षक नव्हता, म्हणून केप्लरने आपली रचना टाकून दिली, आणि १६०९ मध्ये ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे प्रसिद्ध झाले.

५. आमच्या पाणाड्याने दाखवलेल्या जागी पाणी लागले. डोळ्यांनी पाहिले आहे. मग तुम्ही ते विज्ञान का मानत नाही?

खानदेशात हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याने बहुधा नुकताच बोअर घेतलेला असतो. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ एका जागी उभा राहतो किंवा दोन्ही हातांत धरलेली ओल्या काटकीची बेचकी खाली वाकते, तिथे दगड ठेवून खूण केली जाते, दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी लागते आणि पाणी येते. यावलकडच्या एका आप्पांनी माझे सगळे भाषण ऐकून घेतले आणि एवढेच म्हटले, "सर, पाणी तं लागनं ना!" लागले, यात वाद नाही. प्रश्न त्या जागेचा नाही. जिथे नारळ उभा राहिला नाही अशा, पन्नास पावलांवरच्या जागी खोदले असते तर काय झाले असते, हा प्रश्न आहे, आणि तो आपल्या मनात आपणहून येत नाही.

तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत, नदीनाल्यांनी आणलेल्या गाळाचा जाड थर आहे. तिथे पुरेसे खोल गेले तर पुष्कळ ठिकाणी पाणी लागते. ते किती खोल गेले आहे हे यावल-रावेरच्या शेतकऱ्यांना सांगायला नको. दक्षिणेकडे काळ्या पाषाणात मात्र पाणी खडकाच्या भेगांत आणि झिजलेल्या थरात असते, म्हणून तिथे एक बोअर चालतो आणि शेजारचा कोरडा जातो. पाणाड्याचे यश किती आणि जमिनीचे किती, हे ठरवायचे तर दोन्ही पट्ट्यांतले सगळे बोअर मोजावे लागतील, फसलेलेही. पण फसलेल्या बोअरची गोष्ट पारावर कोणी सांगत नाही, आणि सांगितलीच तर 'झरा होता, पण गाडीवाल्याने पाइप तिरपा घातला' असे कारण जोडूनच सांगितली जाते.

पाणाड्या मुद्दाम फसवतो असे माझे म्हणणे नाही. आपण ज्याची अपेक्षा करतो त्या दिशेने हाताचे स्नायू आपल्या नकळत हलतात, हे विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्ये मांडले होते. पुढच्याच वर्षी मायकेल फॅरेडे यांनी, भुताने हलते असे मानल्या जाणाऱ्या टेबलाला त्याभोवती बसलेली माणसेच न कळत ढकलतात, हे साध्या उपकरणाने दाखवले. नारळ तोलून धरणारा हातही तसाच प्रामाणिकपणे फसू शकतो. १९९० मध्ये जर्मनीतील कासेल येथे सुमारे ३० पाणाड्यांची परीक्षा झाली. जमिनीत पुरलेल्या नळातून आत्ता पाणी वाहते आहे की नाही, एवढेच त्यांना सांगायचे होते. परीक्षा योग्य आहे हे सर्वांनी आधी मान्य केले होते. निकाल नाणेफेकीसारखा लागला, आणि त्यानंतर कारणे पुढे आली.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. मुरलेला पाणाड्या जमिनीचा उतार, नाल्याचे वळण, उंबरासारखी झाडे, शेजारच्या विहिरींची पातळी हे सगळे पाहत असतो, आणि ते ज्ञान खरे आहे. श्रेय मात्र नारळ घेऊन जातो.

६. 'उलटा पुरावा शोधा' असे तुम्ही सांगता. आपल्याच मताविरुद्ध कोणी का शोधेल?

पीटर वेसन यांच्या १९६० च्या एका प्रयोगात सहभागी माणसांना २, ४, ६ हे तीन आकडे देऊन सांगितले होते की ते एका नियमात बसतात. तुम्ही दुसरे तीन आकडे सुचवत जा, ते नियमात बसतात की नाही एवढे आम्ही सांगू, आणि खात्री झाली की नियम सांगा. बहुतेकांनी ८, १०, १२ किंवा २०, २२, २४ असे आकडे दिले, 'बसतात' हे उत्तर मिळवले, आणि 'दोनदोनने वाढणाऱ्या संख्या' असा नियम ठामपणे सांगितला. खरा नियम फक्त 'चढत्या क्रमाने' एवढाच होता. २९ जणांपैकी अवघ्या ६ जणांचे पहिलेच उत्तर बरोबर आले. बाकीच्यांनी १, ७, ५० असे एक तिकुट सुचवून पाहिले असते तर गाडी लगेच रुळावर आली असती, पण आपला अंदाज मोडेल असे तिकुट सुचवणे मनाला सुचतच नाही.

हा खेळ मी आठवी-नववीच्या वर्गांत खेळतो. ज्या मुलाला 'नाही, बसत नाही' हे उत्तर मिळते त्याला वर्ग हसतो. नेमक्या त्याच मुलाने वर्गाला सर्वांत जास्त माहिती मिळवून दिलेली असते.

७. आपल्याकडे न्यायशास्त्र होतेच. मग हे सगळे पाश्चात्त्यांकडून शिकण्याची गरज काय?

हा प्रश्न अमळनेरला हमखास येतो, आणि ज्या गावात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर उभे आहे तिथे तो यावा हे योग्यच आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे नैयायिकांचे, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांचे, उदाहरण सर्वांना माहीत असते. त्याचा पुढचा भाग मात्र फार थोड्यांना माहीत असतो, आणि माझ्या मते खरी बुद्धी तिथेच आहे. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे खरे, पण 'जिथे अग्नी तिथे धूर' हे खरे नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो पण धूर नसतो. मग अग्नीबरोबर एरवी धूर का दिसतो? इंधन ओले असते म्हणून. या ओल्या इंधनाला नैयायिकांनी 'उपाधी' म्हटले, म्हणजे दोन गोष्टींच्या नात्यात लपून बसलेली तिसरी गोष्ट. लोखंडाचा गोळा शोधून आणणे म्हणजेच प्रश्न ६ मधला उलटा पुरावा शोधणे.

तेव्हा माणसाच्या मनाची ही ताकद कोणा एका खंडाची मिरास नाही. ज्याची नंतर भर पडली ते म्हणजे उपाधी केवळ वादात न शोधता शेतात आणि प्रयोगशाळेत, मोजून, हटवून पाहणे. त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

८. फवारणी केली आणि कपाशी सुधारली. कारण फवारणीच होते, हे कसे ठरवायचे?

माझ्या एका नातेवाइकांनी काही वर्षांपूर्वी दुकानातून एक टॉनिक आणले आणि चार एकरांपैकी दोन एकरांवर मारले. सप्टेंबरात त्यांनी मला मुद्दाम बांधावर नेऊन उभे केले. एका बाजूला झाडे कमरेच्या वर, पाने काळीभोर हिरवी, कैऱ्यांनी (म्हणजे बोंडांनी) लगडलेली, आणि दुसरी बाजू उदास. तुलना करायला निम्मे शेत मोकळे ठेवले म्हणून मी त्यांचे कौतुक केले, आणि टॉनिकवर माझाही विश्वास बसला. घरी परतताना त्यांच्या आई म्हणाल्या, "तठे तं आपला उकिरडा व्हता." वीस वर्षांचा उकिरडा त्या दोन एकरांच्या मधोमध होता. न्यायशास्त्रातली उपाधी आम्हा दोघांच्या पायाखाली होती आणि आम्ही कैऱ्या मोजत होतो.

यावरचा उपाय रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथील शेती संशोधन केंद्रात १९२० च्या दशकात घडवला. शेताचे पुष्कळ लहान तुकडे करायचे आणि कोणत्या तुकड्याला खत द्यायचे हे आपण न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. मग उकिरडा, जुनी वाट, बांधाची सावली, ठिबकाच्या टोकाचा कमी दाब, हे सगळे दोन्ही बाजूंना साधारण सारखे वाटले जाते, ज्याची आपल्याला कल्पनाही नाही तेसुद्धा. जमिनीविषयीचे आपले अज्ञान कबूल करून त्याची सोय लावणारी ही युक्ती मला विज्ञानातल्या सर्वांत नम्र युक्त्यांपैकी एक वाटते.

फिशर यांचाच चहाचा प्रयोग घरी करता येतो. चहा आधी ओतला की दूध आधी, हे चवीवरून ओळखता येते असा एका बाईंचा दावा होता. आठ कप करायचे, चार एका पद्धतीचे आणि चार दुसऱ्या, आणि अदलाबदल करून द्यायचे. नुसत्या नशिबाने आठही बरोबर येण्याची शक्यता ७० मध्ये १ आहे. आपला दुधात उकळलेला चहा याला चालत नाही. त्याऐवजी साखर आणि गूळ घ्यावा. प्रश्न ५ मधल्या नारळाचीही परीक्षा अशीच घेता येईल.

९. जे दिसत नाही, हाताला लागत नाही, त्याचा विचार मन कसे करू शकते?

ओळखीच्या गोष्टीचा साचा अनोळखी गोष्टीवर बसवून. याचे सर्वोत्तम उदाहरण मला चाळीसगाव तालुक्यातच सापडते. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि 'सिद्धान्तशिरोमणी' ११५० चा. त्यांच्या जन्मगावाबद्दल वाद आहे, पण पाटणादेवीच्या परिसरातील पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ स्थापन केला, आणि त्याला १२०७ मध्ये दिलेल्या दानाचा शिलालेख तिथे सापडला. (तापी-पूर्णा संगमावरचे चांगदेव महाराज वेगळे, हा घोळ दर वेळी होतो.)

पृथ्वी गोल असेल तर ती सपाट का दिसते, या शंकेला भास्कराचार्यांचे उत्तर असे आहे: वर्तुळाच्या परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो, पृथ्वी अतिशय मोठी आहे आणि माणूस अगदी लहान आहे, म्हणून त्याला ती सपाट भासते. हे करून पाहता येते. शाळेच्या मैदानावर १६ फुटांच्या दोरीने वर्तुळ आखले तर परिघ सुमारे १०० फूट भरतो. त्याच्या एका फुटाच्या तुकड्याला फुटपट्टी लावली तर मधला फुगवटा जेमतेम अडीच मिलिमीटर येतो. मैदान आखायच्या फक्कीची रेघच त्याहून जाड असते. संपूर्ण पृथ्वी कोणालाही दिसत नव्हती तेव्हा दोरीने आखता येणाऱ्या वर्तुळावरून तिच्याकडे जाण्याची ही वाट होती.

दुसरा युक्तिवाद तर साधनाशिवायचा आहे. पृथ्वीला कोणीतरी पेलून धरले आहे असे मानले तर पेलणाऱ्याला कोणी पेलले, आणि त्याला कोणी? कुठेतरी थांबून 'हा स्वतःच्या शक्तीने राहतो' असे म्हणावेच लागणार असेल, तर ते पृथ्वीपाशीच का म्हणू नये? 'समजा असे असते तर' या वाटेने शेवटपर्यंत चालत जाऊन परत येणे मनाला जमते, म्हणूनच न दिसणाऱ्याचे विज्ञान शक्य होते. साचा कुठे बसत नाही तेही पाहावे लागते, अन्यथा उपमा फसवते.

१०. विज्ञान शिकलेली माणसेही जुन्या समजुती का धरून बसतात?

कारण नवे ज्ञान जुन्या समजुतीला पुसून तिच्या जागी बसत नाही, ते तिच्या शेजारी बसते. अँड्र्यू शटलमन आणि जोशुआ वॅल्कार्सेल यांनी २०१२ मध्ये दाखवले की विज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्यांनाही, बालपणीच्या समजुतीशी विसंगत असलेले विधान बरोबर की चूक हे ठरवायला, सुसंगत विधानापेक्षा जास्त वेळ लागतो. उत्तर बरोबर येते, पण आत झटापट झालेली असते. मेमध्ये जळगावात पारा ४५ च्या वर गेला की मीसुद्धा 'माती थंड असते' असे म्हणून माठाकडे वळतो, आणि पाणी झिरपून बाष्पीभवन होते म्हणून माठ गार होतो हे मला आठवावे लागते. माती थंड असती तर श्रावणातल्या दमट हवेतही माठ तितकाच गार झाला असता. तो होत नाही.

११. पाठांतर हे वैज्ञानिक विचाराच्या विरुद्ध आहे का?

नाही. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये दाखवले की बुद्धिबळात निष्णात असलेल्या खेळाडूला खऱ्या डावातला पट क्षणभर पाहून आठवतो, पण सोंगट्या कशाही मांडल्या तर तो नवशिक्याहून फारसा सरस ठरत नाही. त्याची स्मरणशक्ती मोठी नसते. त्याच्या मनात ओळखीच्या रचनांचा साठा असतो, आणि त्यामुळे प्रश्न ४ मधल्या चार जागांत त्याचे जास्त मावते. पाढे पाठ असावेत. पाढे म्हणजेच गणित असे मात्र मुलाला वाटू देऊ नये.

१२. मोठे शास्त्रज्ञसुद्धा फसतात का? मग विज्ञानावर विश्वास का ठेवावा?

फसतात, आणि चांगलेच. फ्रान्समधील नान्सी येथील रेने ब्लोंद्लो हे नावाजलेले भौतिकशास्त्रज्ञ. त्यांना १९०३ मध्ये नवे 'एन किरण' सापडले, आणि ते आपल्यालाही दिसले असे इतर अनेक संशोधकांनी कळवले. हे किरण अंधाऱ्या खोलीत अतिशय मंद उजेडातल्या बारीक फरकावरून ओळखायचे होते. १९०४ मध्ये अमेरिकेचे रॉबर्ट वुड पाहायला गेले आणि अंधारात त्यांनी उपकरणातला लोलक (प्रिझम) गुपचूप काढून घेतला. निरीक्षकांना किरण दिसतच राहिले. ब्लोंद्लो लबाड नव्हते. त्यांचे मन तुमच्या-माझ्या मनासारखे होते, आणि त्यांना सावरले ते दुसऱ्या माणसाने.

उलट बाजूचे उदाहरण चंद्रशेखर वेंकट रामन यांचे आहे. समुद्राचा निळा रंग हे आकाशाचे प्रतिबिंब आहे, असे लॉर्ड रॅले यांचे मत होते. १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना रामन यांनी भूमध्य समुद्राचे पाणी निकोल लोलकातून अशा कोनातून पाहिले की पृष्ठभागावरचे प्रतिबिंब वगळले जाईल. निळाई गेली नाही, उलट अधिक खुलली. खिशात मावणाऱ्या एका लोलकाने रॅले यांच्यासारख्याचे मत बाजूला सारले, आणि त्या वाटेने पुढे २८ फेब्रुवारी १९२८ चा 'रामन परिणामा'चा शोध लागला.

विश्वास ठेवायचा तो एखाद्या शास्त्रज्ञावर नव्हे, तर एकमेकांचा लोलक काढून पाहण्याच्या या रिवाजावर. केव्हिन डनबार यांनी १९९० च्या दशकात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत बसून निरीक्षणे केली, तेव्हा निम्म्याच्या आसपास निष्कर्ष अनपेक्षित येत असल्याचे त्यांना आढळले. एकटा संशोधक त्यांना आपली चूक समजून बाजूला ठेवू पाहत असे, आणि साप्ताहिक बैठकीत सहकारी त्याला तसे करू देत नसत.

१३. स्वप्नात किंवा देवाच्या कृपेने सुचलेली कल्पना वैज्ञानिक असू शकते का?

असू शकते. श्रीनिवास रामानुजन आपल्या सूत्रांचे श्रेय नामगिरी देवीला देत, आणि केंब्रिजचे हार्डी त्यांच्याकडे सिद्धता मागत. दोघांचे उत्तम जमले. कल्पना कोणत्या दाराने आली हे विज्ञान विचारत नाही, तपासणीच्या दाराने बाहेर पडली का तेवढे विचारते. श्रद्धावान माणूस शास्त्रज्ञ होऊ शकतो का, हा वेगळा पाठवला जाणारा प्रश्नही मी इथेच मिटवतो.

१४. माझे आजोबा शाळेत गेले नाहीत, पण टिटवीची अंडी आणि मुंग्यांची लगबग पाहून पाऊस सांगत. त्यांना वैज्ञानिक म्हणावे का?

निरीक्षक नक्की म्हणावे. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातील निरक्षर शेतकऱ्यांना विचारले होते: दूर उत्तरेत, जिथे बर्फ असते, तिथली सगळी अस्वले पांढरी असतात, अमुक ठिकाण दूर उत्तरेत आहे, तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? अनेकांनी उत्तर द्यायचे नाकारले. आम्ही तिथे गेलो नाही, जो गेला असेल त्याला विचारा, असे त्यांचे म्हणणे पडले. याला बुद्धीची उणीव म्हणणे मला पटत नाही, कारण न पाहिलेल्याविषयी न बोलण्याची शिस्त शिकलेल्या माणसातही दुर्मीळ असते. पण केवळ शब्दांवरून, स्वतःच्या अनुभवापलीकडे पाऊल टाकणे ही शाळेत आणि लिहिण्यावाचण्यात घडणारी सवय आहे, आणि विज्ञानाला तिचीही गरज असते.

टिटवीबद्दल बोलायचे तर आजोबांचा आडाखा तपासायला चार रकाने लागतात: खूण दिसली आणि पाऊस झाला, खूण दिसली पण झाला नाही, खूण नव्हती तरी झाला, आणि खूणही नव्हती व पाऊसही नव्हता. आठवणीत फक्त पहिला रकाना भरलेला असतो. चारही रकाने दहा वर्षे भरले आणि आडाखा टिकला, तर आजोबा बरोबर होते, आणि तसे झाले तर मला आनंदच होईल.

१५. भेंडवळची घटमांडणी आणि हवामान खाते, दोघेही अंदाजच सांगतात. मग फरक काय?

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळचे, घटमांडणीवरून सांगितलेले पीकपाण्याचे भाकीत आमच्याकडेही लोक उत्सुकतेने वाचतात. फरक अंदाज चुकण्यात नाही, कारण हवामान खात्याचेही अंदाज चुकलेले आहेत. फरक असा की खाते जेव्हा 'सामान्य' पाऊस म्हणते तेव्हा त्याचा अर्थ देशाच्या ८७ सेंटिमीटर सरासरीच्या ९६ ते १०४ टक्के असा आधीच छापलेला असतो, म्हणून ते चुकले हे सप्टेंबरअखेर कोणीही दाखवू शकतो. 'पाऊस साधारण, कुठे कमी कुठे जास्त' हे भाकीत कोणत्याही वर्षी चुकणार नाही, आणि नेमके त्यामुळेच त्यातून पेरणीविषयी काही कळत नाही.

१६. घरी मुलांबरोबर काय करून पाहता येईल?

उन्हाळ्यात एकाच कुंभाराकडून एकाच मापाचे दोन माठ आणावेत. एकाला बाहेरून ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत आणि तो नीट वाळू द्यावा, दुसरा तसाच ठेवावा. दोन्ही सारख्या पाण्याने भरून, झाकून, एकाच सावलीत शेजारी शेजारी ठेवावेत, आणि कोणता डावीकडे ठेवायचा हे नाणे उडवून ठरवावे. दर दोन तासांनी थर्मामीटरने तापमान घेऊन वहीत लिहावे. तापाचा थर्मामीटर चालणार नाही, शाळेच्या प्रयोगशाळेतला आणावा. हाच खेळ ऑगस्टमध्ये पुन्हा करावा. कोणता माठ किती अंशांनी गार होईल याचा अंदाज घरातल्या प्रत्येकाने सुरुवातीलाच लिहून, सही करून ठेवावा. तो पेनने लिहावा. पेन्सिलने लिहिलेला अंदाज संध्याकाळपर्यंत बदलतो, हे माझ्या स्वतःच्या घरातले निरीक्षण आहे, आणि खोडरबर मुलांकडे नव्हता.